नव्या इंजिनाचा हार

नाशिकरोडला आमची कामगारांची शटल जिथं संपायची, ते पत्र्याचं जुनं स्टेशन धोंडाबाई झाडायची. साहेबांच्या बदल्या होत, पोर्टर निवृत्त होत, धोंडाबाई तिथंच. खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रांची पूजा असे, तशी संध्याकाळी आमच्या शटलची. इंजिनाला हार घालायचा मान तिचा. झेंडू ती स्वतः ओवायची. कोळशाच्या इंजिनाच्या गोल तोंडावर तो हार असा शोभायचा, की ड्रायव्हर महेबूब म्हणायचा, "मावशी, नवरदेव झाला की आमचा!"

ब्याऐंशी साली पलीकडे सिमेंटचं नवं स्टेशन झालं. खंडेनवमीलाच शटल तिथून पहिल्यांदा सुटणार होती, तीही विजेच्या इंजिनावर. धोंडाबाईच्या जिवाला घोर लागला.

"नव्या ठेसनात मला कोन इचारतंय? पर हार मी नेनारच."

त्या संध्याकाळी फलाट गच्च भरला होता. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणून ज्याच्या त्याच्या पिशवीत दारासाठी झेंडूच्या माळा. इंजिन आलं आणि आम्ही बघतच राहिलो. भिंतीसारखं सपाट, लांबरुंद! धोंडाबाईनं पदर खोचला आणि सवयीनं वर चढायला पाय उचलला.

"मावशी, खाली!" महेबूब खिडकीतून ओरडला. "वर विजेची तार आहे!"

ती चपापली. मग खालच्याच दांडीला तिनं हाराचं एक टोक बांधलं आणि दुसरं ओढत निघाली. हार निम्म्यातच संपला. माप हातात बसलेलं, पण ते जुन्या इंजिनाचं!

"काय बाई, यंदा अर्ध्याच इंजिनाची पूजा?" सावळीराम फिटरनं टोमणा मारला.

"उरल्या जागी तुला टांगते, ये!"

फलाट हसला. पण ती हाराचं तोकडं टोक सोडेना. सिग्नल आता कधीही पडला असता.

तेवढ्यात छापखान्यातल्या सिंधुबाई पुढं झाल्या. पिशवीतली माळ काढून म्हणाल्या, "घ्या. दाराला सकाळी दुसरी करीन."

मग काय! डोक्यांवरून माळा पुढं यायला लागल्या. "लवकर, लवकर!" सगळे ओरडत होते आणि धोंडाबाई मात्र निवडत बसलेली. "ही नको, सुकली. ही कुनी ओवली? फुलं हायेत का फांद्या?" सावळीरामनंही आपली माळ दिली. शेवटची गाठ मारायला महेबूब खाली उतरला, तर तिनं त्याचा हात बाजूला सारला. गाठ तिनंच मारली.

नारळ फुटला, सिग्नल पडला. महेबूब धावत वर चढला, भोंगा वाजला. आम्ही डब्यांत शिरणार, एवढ्यात धोंडाबाईचा आवाज आला, "थांब रे मेल्या, थांब!"

इंजिनाच्या तोंडाला दोन्ही हात लावून ती कडेकडेनं सरकत माप घेत होती.

"पुढल्या साली कुनापुढं पदर पसरायचा नाय मला!"

माप पुरं होईपर्यंत महेबूबनं गाडी हलवली नाही.