काळी कड

जिल्दवाले चाचा पुस्तक हातात घेतल्यावर ते कधी उघडत नसत. मिटलेलं पुस्तक डोळ्यांसमोर आडवं धरायचं, उजेडाकडे वळायचं आणि पानांच्या कडा पाहायच्या, ही त्यांची रीत. पाठीची बाजू नाही, समोरची. जिथून आपण पानं उलटतो ती. वाचणाऱ्यांच्या अंगठ्यांचा मळ त्या कडेवर जिथवर पोचला असेल तिथवर नख फिरवून ते निकाल देत. "हे पाह्य. पहिल्या पानावर चार पोरायचे नावं. अन् कड इथलोक काळी, इथून पुढं पांढरी फट. चारही जण तिसऱ्या धड्यात मेले." मग ते पुस्तक बाजूला, आणि दुसरं हातात.

अमरावतीत जवाहर गेटाच्या आत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. खळीचा डबा, जाड सुई, मेण लावलेला दोरा, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा आणि छतापर्यंत रचलेली जुनी गाईडं. जुनी पुस्तकं घ्यायची, नीट जिल्द बांधायची आणि पुढच्याला द्यायची, हा धंदा. परीक्षेचा हंगाम आला की गल्लीत पोरापोरींची रांग लागे आणि चाचा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत. कोणती परीक्षा, किती टक्के, कुठला क्लास, यातलं काही नाही. "किती हप्ते उरले?" एवढंच.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा बारा हप्ते उरले होते. अर्थशास्त्रात बी.ए. झालं होतं, अमरावतीत मावशीकडे राहत होते आणि बाहेरच्या विद्यापीठात एम.ए. करायचं तर देशभरातल्या पोरांसोबत एक प्रवेश परीक्षा द्यायची होती. घरी अकोल्याला बाबांची छापखान्यातली नोकरी सुटली होती. बाळापूरच्या एका खासगी शाळेत माझ्यासाठी जागा होती. संस्थेच्या अध्यक्षांनी "जूनपर्यंत थांबतो" असं सांगितलं होतं. म्हणजे परीक्षा एकदाच. नाही जमलं तर बाळापूर, आणि बाळापूरला गेलेली मुलगी पुढे लग्नाच्या वाटेला कशी लावली जाते ते मला चांगलं ठाऊक होतं.

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. शहरभर क्लासवाल्यांचे फलक, फलकांवर पासपोर्ट फोटोतली यशस्वी पोरं, आणि खाली मोठ्या अक्षरांत भीती: आता नाही तर कधीच नाही. भीती विकणाऱ्या या लोकांचा मला संताप येई, आणि तरी त्यांचीच पुस्तकं मी घेत होते. एक मैत्रिणीने सांगितलं म्हणून, एक मोबाइलवर कोणीतरी शिफारस केली म्हणून, एक नुसतं जाड होतं म्हणून. सकाळी एक उघडायचं, दुपारी दुसरं. संध्याकाळी नवं वेळापत्रक आखायचं, रंगीत पेनांनी. माझी वेळापत्रकं फार सुंदर असत.

अशी सात पुस्तकं पिशवीत घालून मी चाचांसमोर ठेवली. म्हटलं, "चाचा, यातलं कोणतं करू?"

त्यांनी सातही कडा बाहेर करून ओळीने लावली. सगळी पांढरीशुभ्र. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बेटा, हे तं दुकान आहे. अभ्यास कुठी आहे?"

सातही त्यांनी पिशवीत परत भरली आणि वरच्या थरातून एक जुनं, फुगलेलं गाईड काढलं. त्याची कड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काळी होती. "हे दोघायनं वाचलं. दोघंबी लागले. नवीन पुस्तक चांगलं असंन, पण ते कायी सांगत नाई. हे सांगते." मी म्हटलं की अभ्यासक्रम बदलला आहे. "मंग नवा कागद आण." सरकारी संकेतस्थळावरून अभ्यासक्रम छापून आणला. चाचांचं इंग्रजी जेमतेम होतं. पण लाल पेन्सिल घेऊन त्यांनी कागदावरचा एकेक शब्द अनुक्रमणिकेशी ताडून पाहिला. जे गेलं त्यावर फुली, जे नवीन आलं त्याच्या झेरॉक्स मला आणायला लावल्या. "मले समजत नाई. मी फक्त मिळवून पाह्यतो," ते म्हणत. त्या मिळवून पाहण्यात माझ्या सगळ्या रंगीत पेनांपेक्षा जास्त अक्कल होती.

मग माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी ते पुस्तक फाडलं. पाठीवरून पातं फिरवलं, शिवण उसवली, धडे सुटे केले, झेरॉक्स मध्ये घातल्या, कडा घासून पुन्हा पांढऱ्या केल्या आणि सगळ्याच्या पातळ वह्या शिवल्या. एक हप्ता, एक भाग. पहिला माझ्या हातात दिला. बाकीचे मागच्या फळीवर, कापडाखाली. "हा वाचून आण. मंग दुसरा."

"सगळे आत्ताच द्या ना, चाचा. मी पैसे देऊन राहिले."

"देशीन. पण सगळे नेशीन तं सगळे चाळशीन. तुये पाय पाह्य, उभ्या जागी नाचून राहिले."

दर शनिवारी मी वाचलेला भाग घेऊन जाई. ते कड पाहत, मग पानं चाळत. दुसऱ्याच शनिवारी त्यांना समासातलं माझं लिखाण सापडलं. दारिद्र्यावरच्या एका प्रश्नाखाली मी लिहिलं होतं: चारही पर्याय खोटे आहेत, हा प्रश्नच गरिबांच्या विरोधात आहे. त्यांनी शेजारच्या टेबलावर पावत्यांची पुस्तकं शिवणाऱ्या आपल्या मुलीला, नसीमला, ते मोठ्याने वाचायला लावलं. ती हसू दाबत वाचत होती. मला राग आला. मी सांगितलं की माझे बाबा गिरणी कामगारांची, अंगणवाडीताईंची पत्रकं छापायचे, मी ती वाचतच वाचायला शिकले, आणि खोट्याला खोटं म्हणायला घाबरत नाही.

"बरोबर आहे," चाचा म्हणाले. "पण कंप्युटरवर भांडायले जागा नसते, पर्चेवाली. तिथं चार गोल असते. एक दाबून अंदर जाय. अंदर गेल्यावर मंग भांड, चांगली कडाकडा भांड. पण पह्यले अंदर तं जाय."

तेव्हापासून मी पर्चेवाली, म्हणजे पत्रकवाली, झाले.

पाचवा भाग संख्याशास्त्राचा होता. मला ते अजिबात जमत नव्हतं. विचलन, सहसंबंध, संभाव्यता. पान उघडलं की खिडकीबाहेर बघावंसं वाटे. सहावा भाग भारतीय अर्थव्यवस्थेचा, म्हणजे माझ्या घरचा. तो मला लगेच हवा होता. त्या आठवड्यात मी अकोल्याला गेले होते. माळ्यावर बाबांनी जपून ठेवलेला छपाईच्या काळ्या शाईचा डबा दिसला. मी फडक्याच्या टोकाला थोडी शाई घेतली, पाचव्या भागाच्या कडेवर हलक्या हाताने ओढली आणि दुसऱ्या फडक्याने पुसली. पावती पुस्तकांच्या कडा बाबा अशाच रंगवायचे. काम इतकं सुबक झालं की मला थोडा अभिमानही वाटला.

शनिवारी चाचांनी तो भाग उजेडाकडे धरला. मग नाकाजवळ नेला.

"मळाले वास नसते, बेटा," ते म्हणाले. "अन् अंगठा खालच्या कोपऱ्यात चालते. तू हे पुस्तक वरतून खालतून दोहीकडून वाचलं काय?" नसीमची सुई थांबली. चाचांनी आवाज खाली आणला. "शाई बापाची आहे ना?"

मी मान हलवली. ज्या शाईने बाबांनी लोकांच्या हक्काचा एकेक शब्द छापला होता, तिने मी ही लबाडी छापली होती. दुसऱ्या कोणी केली असती तर मी तिच्यावर अख्खं पत्रक लिहिलं असतं.

चाचांनी तोच भाग मला परत दिला. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "चाचा, एक हप्ता वाया गेला. आता शेवटचा भाग राहून जाईन. तुम्ही सहावाबी द्या, मी दोन्ही करते."

"आधी हा."

"मले बाळापूरले जायचं नाही, चाचा!"

"मंग बस," ते म्हणाले. एवढंच.

त्या आठवड्यात मी खरंच बसले. बाबांच्या शाईचा वास पानांना येत होता आणि त्या वासात मी सहसंबंध शिकले. पुढचे भागही केले, पण डोक्यात एकच आकडा टोचत होता: भाग बारा, हप्ते बारा, आणि त्यातला एक मी स्वतःच्या हाताने काळा केलेला. शेवटचा हप्ता उरला त्या शनिवारी मी दहावा भाग दाखवला आणि चाचा अकरावा काढत असतानाच म्हटलं, "आता बारावाबी द्या. काहीही करून दोन्ही वाचते."

त्यांनी मागच्या फळीवरचं कापड उचललं. खाली काहीच नव्हतं.

"बारावा नाई. तू बारा हप्ते म्हनली, मी अकरा तुकडे केले."

"म्हणजे तुम्हाले पहिल्याच दिवशी माहीत होतं, मी लबाडी करीन?"

"लबाडी नाई, घाई. ते सगळेच करते. कोणाले ताप येते, कोणाच्या घरी लगन निघते, कोणी रुसून बसते. तू शाई लावली." त्यांनी अकरावा भाग माझ्या हातात ठेवला. "एक हप्ता मी सगळ्यायचा कापून ठेवतो. सांगत नाई. सांगतला तं तोबी उडवते."

मी चिडावं की हसावं हे न कळून पायरीवर बसले. नसीमने समोरच्या गाडीवरून गिला वडा मागवला. दही गार होतं. कित्येक आठवड्यांनी मी एखादी गोष्ट चव घेऊन खाल्ली.

परीक्षा अकोल्याला झाली. संख्याशास्त्राचे प्रश्न आले, भरपूर आले. दारिद्र्यावरचाही एक आला. दात-ओठ खाऊन मी एक गोल दाबला आणि पुढे गेले.

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. दुसरी यादी लागायची होती आणि त्याआधीच बाळापूरहून फोन आला: उद्यापर्यंत हो की नाही ते सांगा. बाबा म्हणाले, "तुझं तू ठरव," आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मी घरभर चकरा मारत होते. शेवटी चाचांना फोन लावला.

त्यांनी माझं गाऱ्हाणं संपू दिलं नाही. "अकराही भाग समोर ठेव," म्हणाले. "कड कुठलोक काळी आहे?"

मी पाहिलं. "शेवटलोक."

"खरी?"

"पाचव्यात शाई आहे. पण शाईवर अंगठा आहे, चाचा. दिसून राहिला."

"मंग बाळापूरले नाई म्हणून टाक. लागशीन, नाई लागशीन, ते अल्ला जाणे. वाचलेलं पुस्तक भिऊन वापस करायचं नसते."

मी नाही सांगितलं. त्यानंतरचे दिवस कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या यादीत खालून चौथं नाव माझं होतं.

जायच्या आधी अकरा भाग परत द्यायला अमरावतीला गेले. चाचांनी ते घेतले नाहीत. सुई-दोरा पुढे केला. "फाडलं मी. जोडशीन तू. पुढच्याले अख्खं पुस्तक पाह्यजे." भर दुपारी कूलरसमोर बसून मी टाका शिकले. बोटं टोचून घेतली. अकरा भाग एकत्र आले, शिकंज्यात दाबले गेले, आणि मिटल्या पुस्तकाच्या कडेवर मधोमध माझी ती रेघ उमटली, बाकीच्या मळकट काळ्यापेक्षा गडद आणि सरळ. मी म्हटलं, "चाचा, ही घासून काढू?"

"राहू दे," ते म्हणाले. "कामी येईन."

त्यानंतर दोन-तीन वर्षांत चाचांची भेट झाली नाही. दिल्लीच्या बाजूला गेलेल्या माणसाला इकडच्या बातम्या उशिरा पोचतात. हिवाळ्यात ते गेल्याचं मला उन्हाळ्यात कळलं. सुट्टीत गेले तेव्हा शिकंज्यापाशी नसीम बसली होती. समोर धारणीहून आलेली एक मुलगी उभी होती, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत. नसीमच्या हातात त्याच पुस्तकाचा, पुन्हा उसवलेला, पाचवा भाग होता. तिने तो उजेडाकडे धरला, नाकाजवळ नेला आणि मला पाहून ओळखीचं हसली. "अब्बा हरेकाले ही रेघ दाखवत," ती म्हणाली. "नाव सांगत नव्हते."

मी ती कड पाहिली. माझी शाई फिकी झाली होती. तिच्या खालच्या कोपऱ्यावर माझ्यानंतरच्या कितीतरी अंगठ्यांचा मळ चढला होता.

मुलीने सहावा भाग घेतला आणि दारातून वळून विचारलं, "ताई, परीक्षेच्या आत सगळे भाग होतीन ना?"

"होतीन," नसीम म्हणाली. "जाय, वाच."

ती गल्लीच्या वळणापर्यंत गेल्यावर मी विचारलं, "नसीम, हिचे हप्ते किती होते? आणि तुकडे किती केले?"

नसीमने सुईत दोरा ओवला आणि ओठांवर बोट ठेवलं.