गोल पेशी

मावशीचं औषध मी बंद पाडलं. तेही छातीठोकपणे.

लातुरात मी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचो. पेशीविभाजन हा माझा हातखंडा. तीन रंगांचे खडू घेऊन फळ्यासमोर उतरलो की डॉक्टर व्हायला आलेली हॉलभर पोरं माना डोलवायची. तेवढ्यानं माझ्या डोक्यात हवा गेली होती.

किल्लारीची मावशी, भूकंपात नवरा गेलेली, दर तीन आठवड्यांनी कॅन्सरचं सलाईन घ्यायला लातूरला यायची. दोन डोस झाले, केस गेले, गाठ तशीच.

"लागू पडायलंय का रं? तू शिकलेला हाईस, बघून सांग की."

नांदेडला ओळखीच्या एक बाई प्रयोगशाळेत तेच औषध काचेवर वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर घालून बघायच्या. तिथं जाऊन मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बिनऔषधाच्या काचेवर गोल पेशी एखाद-दुसरी. औषधाच्या काचेवर गोलच गोल. विभाजनाच्या वेळी पेशी गोल होते, हे तर मी रोज शिकवायचो! म्हणजे औषधानं रोग वाढतोय. बाई चहा सांगून परत येईपर्यंतही मला दम निघाला नाही. एसटीडीवरून किल्लारीला फोन लावला आणि क्लासची वेळ गाठायला बस धरली.

मावशीनं पुढचा डोस घेतला नाही.

महिन्याभरानं बाईंना माझा शोध ऐकवायला गेलो. त्या हसल्या नाहीत. दर दहा मिनिटांनी काढलेले एकाच पेशीचे फोटो त्यांनी पुढ्यात ठेवले.

"सर, एकीवरच नजर ठेवा. आणि जरा सबर करा."

पेशी गोल झाली. गुणसूत्रं मधोमध आली. पुढचा फोटो, तसाच. त्याच्या पुढचा, तसाच. एव्हाना तिच्या दोन व्हायला हव्या होत्या. शेवटी ती जागच्या जागी फुटून तिचे तुकडे झाले.

"विभाजन चालू नव्हतं, अडकलं होतं. औषधानंच धरून ठेवलं होतं. काही पेशी त्यातून निसटतात, पुन्हा वाढतात," बाई हळूच म्हणाल्या, "म्हणून डोस चुकवायचा नसतो."

तसाच किल्लारीला गेलो. भूकंपापासून मावशी दगडमातीच्या छताखाली बसत नसे; माझ्या शब्दाखाली मात्र बिनघोर बसली होती. सगळं सांगितलं. तिनं गाठीला हात लावून पाहिला, डोईला रुमाल बांधला, दवाखान्याची फाईल पिशवीत घातली.

"चल. थांबलेलं आन् चाललेलं तुला वळखू येत न्हाई, आन् तुझ्या हाताखाली पोरं डाक्टर व्हायलीत!"