बाबांच्या किडनीतली गाठ आणि आईचा कौल

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

मुतखडा म्हणून तपासायला गेलो आणि सत्तरीच्या बाबांच्या किडनीत छोटी गाठ निघाली. आज कुडाळचे डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर असू शकतो, पण लहान आहे. तेवढाच भाग काढला तर बहुतेक जण बरे होतात. किंवा वय बघता थांबू, अधूनमधून स्कॅन करत राहू. तुम्ही ठरवा."

आम्ही ठरवायचं? आम्ही मासे पकडणारी माणसं!

घरी येताच आई म्हणाली, "देवाक कौल लावया." म्हणजे ऑपरेशन करू का, असं देवाला फुलं लावून विचारायचं; उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही.

कौल घेतल्याशिवाय कधी होडी पाण्यात न घालणारे बाबा हळूच म्हणाले, "आणि डावो इलो तर?"



तुमच्याकडे कोणी अशी गाठ पोटात ठेवून थांबलंय का? त्या घरात झोप लागते?