मेढीला मुशीचं तेल

आमच्या घरात मन लावून काम करणारी एकटी वाळवीच होती.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. नवी मुंबई तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. दिवाळे गावात आम्ही होतो, खाडी होती आणि माझ्या धाकट्या बहिणीला, हिराला, बघायला खाडीपलीकडच्या करंजाहून पाहुणे येणार होते. (बघायला म्हणजे नावापुरतं. मुलगा तिने जत्रेत आधीच पसंत केला होता! आम्हाला ते ठाऊक नाही, असं आम्ही दाखवत होतो.)

पाहुणे उद्यावर आले आणि आयेने मेढीकडे, म्हणजे घर पेलणाऱ्या मधल्या खांबाकडे, बोट केलं. जमिनीपासून आढ्यापर्यंत मातीची एक बारीक रेघ चढली होती.

"वालवी हाय," आये म्हणाली.

"छे! कुंभारमाशीचं घर असेल." (मी सातवी पास होतो.)

आयेने नखाने रेघ फोडली. आत पांढुरक्या किड्यांची ही गर्दी! "एका माशीला एवरी पोरा?"

हिराचा चेहरा पडला. "दादा, पावन्यांच्या डोक्यावर घर परला तं माझा लगीन मोरंल!"

"मी आहे ना!" मी म्हणालो. त्याने ती जास्तच घाबरली.

बायको म्हणाली, "राकेल वता."

"थांब! आपण होडीला काय लावतो? मुशीचं तेल! होडी कधी वाळवीने खाल्लीय?"

"आवं, होरी पान्यान असते!"

अशा बारीकसारीक मुद्द्यांकडे मी लक्ष देत नाही. मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, डबाभर तेल मेढीला चोपडलं. मेढीशेजारचा आंब्याच्या लाकडाचा बाक तेवढा कोरडा ठेवला. त्यावर पाहुणे बसणार, त्यांच्या कपड्यांना वास लागायला नको! (याला दूरदृष्टी म्हणतात.)

वासाचं काय सांगू! माशांत जन्मलेली, माशांत वाढलेली माणसं आम्ही. पण आये चूल परसात घेऊन गेली. सकाळी मेढीभोवती गावातली यच्चयावत मांजरं कीर्तनाला बसल्यासारखी बसली होती!

पाहुणे आले. मुलाचे वडील अंगाने तीन माणसांचे. उंबऱ्यातच त्यांनी नाक धरलं.

"काय वो, घरान मासली सुकत घातलीव?"

"नाय," बाबा कसेबसे म्हणाले, "आमचा पोरगा हुशार हाय."

ते बाकावर टेकले. क्षणभर काही झालं नाही. मग कर्रर्र... भुस्स! बाक नाहीसा झाला! राहिली धूळ, धुळीत व्याही आणि व्याह्यांच्या मांडीवर बोका!

बाकाचा रंग तेवढा बाहेरून शाबूत होता. आतलं लाकूड वाळवीने केव्हाच फस्त केलं होतं.

आणि खाली मान घालून चहा आणणारी हिरा फिस्सकन हसली! ते बघून तिकडे मुलगाही खो-खो हसत सुटला. मग तिला परिस्थिती कळली नि तिचे डोळे भरले.

व्याह्यांनी बोका खाली ठेवला. अंग झटकलं. एकदा हिराकडे बघितलं, एकदा अजून हसणाऱ्या मुलाकडे.

"पोर पसंत हाय. पन येक अट."

बाबांनी हात जोडले. "सांगा."

"मांडवाच्या येका बी खांबाला या हुशाराचा हात लागाया नको!"

ती अट मी मनापासून पाळली. बहिणीच्या लग्नात भावाने काडीलाही हात लावला नाही. आणि लोक आजही सांगतात, दिवाळ्यात इतकं बिनबोभाट पार पडलेलं लग्न दुसरं झालं नाही!