मामंजींची बगळेमोजणी

माझ्या सासऱ्यांइतका मोठ्याने बोलणारा माणूस देवाने दुसरा घडवला नसावा. घडवला असलाच तर निदान कोल्हापूर जिल्ह्यात तरी ठेवला नसावा. सगळी हयात त्यांनी गुळाच्या बाजारात सौदे पुकारले, आणि निवृत्त झाले ते फक्त बाजारातून. गारगोटीच्या मवाळ घरातून मी उचगावात सून म्हणून आले. मामंजी दारातून प्रेमाने म्हणाले, "ये पोरी, घर तुझंच हाय की!" आणि मी इतकी दचकले, की उंबरठ्यावरचं माप हलकेच ओलांडायच्या ऐवजी लाथाडलं. तांदूळ थेट नणंदेच्या अंगावर.

अशा माणसाने म्हातारपणी पक्षी मोजायचं व्रत घ्यावं, हा धक्का मला अजून पचलेला नाही. नव्वदच्या दशकात आमच्या शिवेवरच्या चिंचेवर रोज संध्याकाळी बगळे मुक्कामाला येत, आणि शहरातली काही पक्षीवेडी मंडळी ते मोजायला येऊ लागली. रात्रीला किती पक्षी टेकतात हे नोंदलं गेलं, तर झाड वाचवायला आधार मिळतो, असं ती सांगत. मामंजींनी पहिल्याच दिवशी "पावणं, च्या घेतल्याबिगर मोजायचं न्हाय!" अशी हाळी दिली आणि अख्खी चिंच रिकामी झाली. दुसरा कोणी ओशाळून घरी बसला असता. हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर, तोंडात टॉवेलाचा बोळा कोंबून!

बाजाराचा रिवाज मात्र सुटला नाही. धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणतात, तसं त्यांचं पहिल्या बगळ्याला. एका प्राध्यापिकाबाईंनी 'एक' म्हटल्याबरोबर त्यांनी बोळा काढला. "लाभ म्हणा, बाई! मालाला नाट लागंल!" माल उडून गेला.

पण झोपलेल्या पाखराला उठवू नये हे शहरातल्या मंडळींनी एकदा सांगितलं, आणि ते मामंजींनी असं काही मनावर घेतलं की सांगणारेच हैराण झाले. एकदा त्यांनी वरातीचा बँड चिंचेपासून वेशीपर्यंत बंद करायला लावला. नवरदेव त्यांचा सख्खा पुतण्या होता. बिचारा घोड्यावरून मुक्याने गेला, आणि मामंजींची भावजय वर्षभर आमच्याशी बोलली नाही.

पुढे रस्ता रुंद करायचं निघालं आणि चिंच मध्ये आली. मोजणीचे आकडे वरच्या कचेरीत गेले, म्हणून तिथले एक साहेब बघायला आले. आले ते अंधार पडल्यावर. दाट पाल्यात काही दिसेना. खालची शीट दाखवली, तर म्हणाले, "कावळ्यांची असेल. झाड तर रिकामं दिसतंय."

सगळ्यांनी मामंजींकडे पाहिलं. त्यांची एक हाळी, आणि साहेबांची टोपी उडाली असती. मीच त्यांच्या कानाशी लागले, "मामंजी, घाला की एक आरोळी!"

त्यांनी मान हलवली. मग मी कधीही न ऐकलेल्या हलक्या आवाजात म्हणाले, "अंधारात उठवली तर तारंला धडकून मरतील गं. सायेब, पाटंचं या. आपसूक उठत्यात."

साहेबांना पहाटे सवड नव्हती. जीप गेली. मी थक्क झाले होते, आणि संतापलेही होते. जन्मभर नको तिथे ओरडलेला माणूस नेमका आज गप्प बसला होता! वाटेत मी विचारलंच, "आणि झाडच गेलं तर?"

झाड गेलं. भर दुपारी तोडलं, पाखरं रानात असताना. संध्याकाळी आम्ही दोघं तिथे जाऊन उभे राहिलो. बगळे नेहमीसारखे थव्याथव्याने आले आणि मोकळ्या जागेवर घिरट्या घालू लागले. मला बघवेना. मामंजींचे ओठ हलत होते.

"आता कशाला मोजताय?"

"आल्यात न्हवं? मग मोजाय नगं?"

शेवटचा थवा नदीकडे वळेपर्यंत त्यांनी मोजलं. मग म्हणाले, "कालच्याएवढीच हाईत बग. एक बी कमी न्हाय."

आणि तसेच मान वर करून उभे राहिले. मी त्यांचा हात धरला. सुनेने सासऱ्याचा हात धरायची आमच्याकडे रीत नाही.