सगळ्यांच्या मागे धावणारे सारंगकाका

सारंगकाकांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण अर्थातच मी केले. माझ्या रक्तातल्या साखरेचा अहवाल नुकताच हाती आला होता. पनवेलच्या बाजारात माझे औषधांचे दुकान आहे. दिवसभर दुसऱ्यांना साखरेवरच्या गोळ्या देणारी मी स्वतः मात्र त्या घ्यायला तयार नव्हते. म्हणून पहाटे उठून वडाळे तळ्याभोवती धावू लागले. धावत कसली होते, साखरेवर सूड उगवत होते! पण रोज पाहावे तर मागे एक गृहस्थ. ढगळ अर्धी चड्डी, बाहेर सोडलेला बुशशर्ट, आणि चाल अशी की धावतायत की रेंगाळतायत ते कळू नये. मी थांबले की तेही थांबत. एके दिवशी माझा तोल सुटला आणि मी त्यांना भर तळ्यावर धारेवर धरले. "काका, वयाची तरी लाज बाळगा! बाईमाणसाच्या मागे मागे काय येता?"

काका जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "बाय, मी सगल्यांचेच मागं आसतंय. तू एकटी पलतेस, म्हनून तुजे मागं." आणि वर म्हणाले, "तुजा श्वास गल्यातच आडकतो. पोटात जाऊ दे त्याला."

आज त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात लिहायला बसले असताना मला त्या दिवशीचा माझाच आवाज ऐकू येतो आणि हसू येते. संपादकांनी 'काकांचे धावणे' असा विषय दिला आहे. वाचकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. काका गेली दोन वर्षे धावत नाहीत, धावू शकत नाहीत. ज्या माणसाने आम्हाला धावणे हीच साधना म्हणून शिकवली, त्यांचे धावणेच गेल्यावर त्या साधनेचे काय होणार, ते पुन्हा आमच्यात येणार की नाही, या काळजीत आम्ही कितीतरी महिने काढले. त्या महिन्यांबद्दल लिहिल्याशिवाय हा गौरव पुरा होणार नाही.

श्री. जनार्दन कोळी हे त्यांचे कागदोपत्री नाव. जन्म उरणजवळच्या करंजाचा, घराणे मासेमारीचे. तरुणपणी ते मालवाहू जहाजांवर गेले आणि वाढत वाढत सारंग झाले. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. निवृत्त होऊन पनवेलच्या कोळीवाड्यात स्थायिक झाल्यावरही ते नाव त्यांना चिकटून राहिले. तरुणपणी काका अतिशय तापट होते, असे ते स्वतः सांगतात; बाजारात मासळी विकणाऱ्या त्यांच्या पत्नी हिराकाकू तर त्याचे पुरावे देतात. एकदा भर समुद्रात कुणाशी तरी बाचाबाची झाली आणि राग जिरवायला काका डेकवर गरागरा धावू लागले. जहाजाचा स्वयंपाकी लिम नावाचा एक म्हातारा चिनी होता. तो भाजी निवडत बराच वेळ बघत बसला आणि मग मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "पाय धावतायत ना? मग तू कशाला धावतोस?"

या प्रश्नाने काकांचे पुढचे सगळे आयुष्य बदलले. लिमचाचा चीनमधल्या फार जुन्या अशा ताओ मार्गाचे अनुयायी होते. ताओ म्हणजे वाट. त्या वाटेवर कुठे पोचायचे नसते, आणि जोर लावायचा नसतो. पाणी उताराने जाते तसे व्हायचे. याला जहाजाच्या डेकसारखी दुसरी शाळा नाही, असे काका म्हणतात, कारण तिथे माणूस कितीही धावला तरी निघाला तिथेच असतो. धावण्याआधी लिमचाचा त्यांना समुद्राकडे तोंड करून नुसते उभे राहायला लावत. खांदे सोडायचे, श्वास बेंबीच्या खाली उतरू द्यायचा, काही करायचे नाही. काका म्हणतात, पहिले काही महिने त्यांना धावण्यापेक्षा हे उभे राहणेच जड गेले.

हे सगळे त्यांनी आम्हाला शिकवले, पण शिकवतोय असे कधी भासू दिले नाही. माझ्यामागून आणखी माणसे आली. बेकरीवाले सलीमभाई आले, बाजारातले व्यापारी आले, बँकेतली मंडळी आली. आमच्या गटाला आजतागायत नाव नाही, फलक नाही. मनगटावर घड्याळ बांधून आलेल्या माणसाला काका, "काय, गाडी पकडायची हाय का?" एवढेच विचारत, आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ घरी राहत असे. तळ्याभोवती किती फेऱ्या झाल्या ते कुणी मोजायचे नाही. रविवारी लांब जायचे, कधी पळस्प्याच्या फाट्याकडे, कधी पाताळगंगेच्या काठाकाठाने आपटा गावाला.

नियम म्हणावा असा एकच होता. जो सर्वांत हळू तो सर्वांत पुढे. बाकीच्यांनी त्याच्या मागून त्याच्याच चालीने जायचे, आणि काका सगळ्यांच्या शेवटी. करंजाच्या होड्या वादळात एकत्र परतताना हळू होडी पुढे घालत, म्हणजे ती सगळ्यांच्या नजरेत राहते, असे काकांच्या वडिलांनी त्यांना सांगितले होते. सुरुवातीची कित्येक वर्षे पुढचे मानाचे स्थान माझ्याकडे होते, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

या नियमाने एकदा मोठी गंमत केली. पनवेलमध्येही धावण्याच्या स्पर्धांची लाट आली होती, आणि सलीमभाईंच्या हट्टामुळे आम्ही एका स्पर्धेत नाव नोंदवले. आमची वरात माझ्या चालीने निघालेली. आम्ही शेवटच्या रेषेपाशी पोचलो तोपर्यंत मांडववाल्यांनी कमान उतरवून टेम्पोत घातली होती! मी मान खाली घालून, श्वास पोटात घेऊन, छान तंद्रीत तशीच पुढे गेले. माझ्यामागे सगळे गेले. सगळ्यांच्या मागे काका गेले. पळस्प्याच्या जवळ एक कार्यकर्ता पदकांची पिशवी घेऊन मोटारसायकलवरून आला आणि ओरडला, "अहो काका, स्पर्धा संपली!"

काकांनी अतिशय कुतूहलाने विचारले, "संपली? सुरू कवा झालेली?"

काकांना मिळालेले पदक हिराकाकूंनी बाजारात माशांच्या टोपलीवरचे फडके उडू नये म्हणून वजन म्हणून वापरले. माझ्या माहितीप्रमाणे अजून वापरतात.

अशी आमची मजेत चाललेली वर्षे. माझी साखर आटोक्यात आली; त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकांवर खेकसणे कमी झाले, असे माझा नोकर सांगतो. आणि मग दोन वर्षांपूर्वी काका करंजाला पुतण्याच्या नव्या होडीच्या पूजेला गेले आणि धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, ते नीट झाले. डॉक्टरांनी सांगितले, काठी घेऊन चाला, भरपूर चाला, पण धावणे आता विसरा.

आम्हाला वाटले, काकांना काय त्याचे! हसून सोडून देतील. तसे झाले नाही. काकांनी बूट कुणाला तरी देऊन टाकले. तळ्यावर यायचे नाव काढेनात. घराच्या मागच्या दाराने बाजारात जायचे आणि आमच्यातले कुणी दिसले की वाट बदलायचे. हिराकाकू एकदा माझ्या दुकानात आल्या आणि औषध घेता घेता रडल्याच. "डाक्टर बोलला पलू नको. पन तलं बगू नको आसं कोन बोलला? दिसभर भिंतीकडं बगत बसतान. बोलाया गेलं तर आंगावर येतान."

मी तडक त्यांच्या घरी गेले. ताओ म्हणजे काय, पाणी कसे वाहते, स्वीकार म्हणजे काय, हे मी काकांनाच, त्यांच्याच ओटीवर बसून, चांगले तासभर समजावले. काकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाय, किती जोर लावतेस." मी उठून चपला पायात घालू लागले. तेव्हा तेच बोलले. "मी आलो तं सगल्यांत हलू कोन? मीच. म्हंजे पुढं कोन? आखी जिनगानी मी मागं ऱ्हायलो. आता काठी टेकीत पुढं चालू आन् सगल्यांची वाट आडवू? नाय जमायचं मना."

मी हात हलवत परत आले. सलीमभाईंना सांगितले, तर ते बेकरीच्या गल्ल्यावरून उठलेच. "ताई, आपण बोललो हीच गलती झाली. मला त्यांनी परत कसं आणलं, माहीत आहे?" तोवर मला ते माहीत नव्हते. सलीमभाईंचे वडील वारले तेव्हा त्यांनी धावणे सोडले होते. काका रोज पहाटे बेकरीसमोर येऊन नुसते उभे राहत. बोलायचे नाही, हाक मारायची नाही, पावसुद्धा घ्यायचा नाही. "लोकांना वाटायचं रांग आहे. त्यांच्या मागे गिऱ्हाईक उभं राहायला लागलं! मी वैतागून बाहेर आलो, म्हटलं, चला बाबा, एकदाचे धावून येऊ."

दुसऱ्या पहाटेपासून आम्ही सगळे कोळीवाड्यात काकांच्या दारासमोर जाऊन उभे राहू लागलो. खांदे सोडलेले, श्वास पोटात, तोंडे मिटलेली. उभे राहायला तर आम्हाला त्यांनीच शिकवले होते. दार उघडले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारणी येऊन कुजबुजू लागल्या, कुत्री भुंकून दमली, हिराकाकू मागच्या दाराने चहा देऊन गेल्या. आम्ही रोज उभे राहून घरी जात होतो. शेवटी एका सकाळी दार धाडकन उघडले आणि काका काठीसकट बाहेर आले. "कोन मेला का हितं? मयताला आल्यासारखे उबे का ऱ्हायलेव?"

आम्हाला चुकवायचे म्हणून काका गल्लीतून निघाले. आम्ही मागून निघालो. ते थांबले, आम्ही थांबलो. "पुढं जा ना!" ते ओरडले. तेव्हा सलीमभाई अदबीने म्हणाले, "काका, कायदा तुमचाच. आम्ही फक्त मानतो."

काका काठी आपटत पुढे निघाले आणि पाय सवयीने तळ्याकडेच वळले. तळ्याची ती फेरी मी जन्मात विसरणार नाही. पुढे काठी टेकत काका, मागे आम्ही सगळे जागच्या जागी पाय उचलत. इतके हळू धावणे किती अवघड असते ते मला त्या दिवशी कळले. फिरायला आलेली म्हातारी माणसे आमच्या बाजूने पुढे जात होती आणि वळून वळून बघत होती. निम्म्या वाटेपर्यंत काकांची मान ताठ आणि खांदे कानाला लागलेले. ते सारखे मागे वळून आम्हाला पाहत होते. मग केव्हातरी ते वळायचे थांबले. खांदे खाली आले. काठीचा आवाज हलका झाला. फेरी पुरी झाली तेव्हा ते कठड्यावर बसले आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "बाय, मना वाटायचं मी मागं ऱ्हातंय म्हंजे मी लहान. तसा नव्हता. मागून मना सगले दिसायचे. कोन दमला, कोन थांबला, सगल्यांवर माजी नजर. जहाज सुटला, पन मी सारंगच व्हतो." मग हसले. किती महिन्यांनी हसले! "आज मागं कोन हाय, कोन नाय, मना काय म्हाईत? बरा वाटतंय."

हे ऐकून आम्ही सगळेच रडलो, आणि ते लपवायचा कुणी प्रयत्न केला नाही. एवढ्या वर्षांत काकांनी आम्हाला पुष्कळ काही दिले. पण पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, मोडक्या खुब्याने, त्यांनी स्वतःच्या हातातले शेवटचे काहीतरी सोडून दिले आणि ते आम्हाला समोर बघायला मिळाले. माझ्या मते हा त्यांच्या साधनेतला सर्वांत मोठा दिवस होता.

तेव्हापासून काका रोज येतात आणि रोज सर्वांत पुढे असतात. डॉक्टर त्याला चालणे म्हणतात, आम्ही धावणे म्हणतो, काका काहीच म्हणत नाहीत. गेल्या काही आठवड्यांत मात्र त्यांची चाल जरा वाढल्यासारखी वाटते आहे, आणि त्यामुळे सलीमभाई चिंतेत आहेत; काकांहून हळू ठरले तर पुढे त्यांना जावे लागेल.

म्हणून या शुभप्रसंगी आम्हा सर्वांच्या वतीने माझे मागणे असे आहे. काका, तुम्हाला आणि हिराकाकूंना भरपूर आयुष्य मिळो, तुमचा खुबा शाबूत राहो, श्वास असाच पोटात उतरत राहो. तब्येत सांभाळा, शंभरी पाहा, पण कृपा करून वेग वाढवू नका. आणि मागे कोण आहे ते पाहायला वळू नका. आम्ही आहोत.