साहेब झोपले नव्हते

साहेब झोपले नव्हते. देवाशपथ सांगते. डोळ्यांवर काळा चष्मा होता, मान मागे टाकलेली होती, तोंडही थोडं उघडं होतं. पण जीपची दांडी मुठीत घट्ट आवळून कोण झोपतं हो? मी मागच्या बाकावर बसून त्या मुठीकडेच बघत होते. खाली रस्त्यावर आमचे हे फौजदारापुढे हात जोडून उभे होते.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण तुम्हाला कळावं म्हणून एकदाच घेते. रुपचंद. धुळ्याला एका सरकारी कचेरीत जीपवर ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे रोजंदारीवरचा. आज बोलावलं तर कामावर, उद्या नको म्हणाले तर घरी. लग्न झालं तेव्हा हे अमळनेरला जिनिंगच्या ट्रकवर होते. कापसाच्या गाठी वाहायचे. तिथेच गाडी शिकले आणि तिथेच भित्रेपणाही शिकले असावेत. रस्त्यात कोंबडी दिसली तरी ब्रेक दाबणारा माणूस! कचेरीतले शिपाई ह्यांना "वरातीचा ड्रायव्हर" म्हणायचे. मी पण चिडवायची. म्हणायची, तुमच्यापेक्षा आमच्या गावचा खिल्लारी बैल बरा, निदान घरी परतताना तरी पळतो. हे नुसते हसायचे. खोटं बोलता येत नाही, भांडता येत नाही, आणि खोटं बोलायला गेलेच तर कान लाल होतात. असा माणूस माझ्या पदरात पडला. पडला तो पडला, मी कुठे तक्रार करते!

नव्वद सालच्या उन्हाळ्यात ह्यांना कायम करायचं चाललं होतं. किती वर्षं वाट बघितली होती त्या एका शब्दाची! कायम झालं की पगार, कायम झालं की देवपुरातल्या भाड्याच्या खोलीत जरा सुखानं झोप. यादीत नाव होतं. अट एकच, अंगावर पोलीस केस नको. आमच्या आधी धनसिंग म्हणून एक ड्रायव्हर होता. एका सायकलवाल्याला धक्का लागला, केस झाली, आणि यादीतून नाव उडालं. तो पुन्हा मार्केट यार्डात हमाली करताना दिसायचा. त्याला बघितलं की हे रस्ता बदलायचे. म्हणायचे, "त्याच्याशी काय बोलू, शेवंता? मला भीतीच वाटते."

तर आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा दिवस. आमच्याकडे खान्देशात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि भर दुपारी वाडवडिलांच्या नावानं निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. कचेरीतल्या देसले साहेबांच्या आई, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, त्यांचं माहेर साक्रीच्या पुढे. भाऊ चुडामणआबा म्हातारे, पण बहीण आल्याशिवाय त्या घरात आगारी टाकायची नाही असा नेम. एरवी अक्का सासरी शिंदखेड्याकडच्या गावी असायच्या आणि आबाच गाडी जुंपून न्यायला यायचे. त्या वर्षी ते अंथरुणाला खिळले, म्हणून अक्का लेकाकडे धुळ्याला आल्या आणि साहेबांनी जीप काढली. कागदावर साक्रीचा दौरा, आणि गाडीत आई. आईच्या सोबतीला बाई माणूस हवं म्हणून मलाही घेतलं.

निघायला उशीर साहेबांनीच केला. दाढी काय, फोन काय, कुणाशी तरी गप्पा काय! कुसुंबा गाठलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अक्का पदर कानावरून घेऊन बसल्या होत्या. एकदाच म्हणाल्या, "भिकन, तठे आबा उपाशी बसेल शे रे." भिकन म्हणजे साहेब. कचेरीच्या पाटीवर बी. सी. देसले, आईच्या तोंडी भिकन.

"अरे रुपचंद, जीप चालवतोयस का बैलगाडी हाकतोयस? पळव!"

"साहेब, रस्ता..."

"पळव म्हणतो ना!"

ह्यांनी पळवली. काय पळवली बाई! डांबर उन्हानं पातळ झालेलं, समोरची काच खडखडायला लागली. वेगाचा काटा तर कधीचा मेलेला, शून्यावर पडलेला. काच खडखडली की हे समजायचे जास्त झालं आणि पाय काढायचे. त्या दिवशी पाय काढला की साहेब मान वळवून बघायचे, की पुन्हा पाय खाली.

नेरच्या अलीकडे मागून पोलिसांची गाडी आडवी आली. फौजदार नवा होता, कोवळा, मिशीही नीट फुटलेली नव्हती. पण आवाज? बापरे! "खाली उतर. कुसुंब्यापासून तुझ्या मागे आहे मी. माझ्या काट्यावर बघायला ये, किती पडतंय ते! शाळेची पोरं रस्त्यानं चालतात, दिसत नाही?"

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. फौजदार वाकून आत बघायला लागला, आणि तेवढ्यात, बघता बघता, साहेबांची मान मागे गेली.

"साहेब झोपलेत?"

हे म्हणाले, "हो साहेब." कान लालबुंद. मला वाटलं, आता ओरडावं, अहो हा माणूस जागा आहे! पण ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी जीभ टाळूला चिकटली. माझी जीभ, जी देवळातसुद्धा गप्प बसत नाही.

"तुझा काटा किती होता?"

"काटा बंद आहे साहेब."

घ्या! एका गुन्ह्यातून सुटायला गेले आणि दुसरा स्वतःच्या हातानं पुढे केला. फौजदारानं वाकून तो मेलेला काटा बघितला. मग त्यानं लायसन मागितलं, खिशात घातलं, आणि म्हणाला, "सोमवारी धुळ्याला ठाण्यात ये. सरकारी काम तातडीचं होतं, साहेबांनीच पळवायला सांगितलं, असं तुझ्या साहेबांनी माझ्यासमोर येऊन सांगितलं तर तुला सोडेन. नाहीतर केस. तुझ्या कचेरीलाही कळवणार."

केस. तो शब्द ऐकला आणि मला मार्केट यार्डातली ती पोती दिसायला लागली.

नेर मागे पडलं तेव्हा साहेब जागे झाले. डोळे चोळून म्हणाले, "काय रे, मध्ये थांबलो होतो का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांनी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "बघू." बस, एवढंच. पुढे साक्रीपर्यंत जीप खरोखरच वरातीसारखी चालली आणि साहेबांनी एकदाही मान वळवली नाही.

चुडामणआबा खाटेवर बसून वाटेकडेच बघत होते. आगारी झाली. ताटात पुरणपोळी, आंब्याचा रस, सांजोऱ्या. अंगणातल्या निंबावर पोरी झोका घेत गाणी म्हणत होत्या. हे ओट्याच्या कडेला ताट घेऊन बसले होते. पोळीचा एक तुकडा मोडला, तो तसाच हातात. मी म्हटलं, "अहो, विचारा साहेबांना. येतील का सोमवारी, स्पष्ट विचारा." "जेवू दे त्यांना," हे म्हणाले. साहेब जेवले, हात धुतला, सुपारी तोंडात टाकली, तेव्हा कुठे हे उठले.

"साहेब, सोमवारी आपण आलात तर..."

"मी येऊन काय सांगू, रुपचंद? मी तर झोपलो होतो. तू किती जोरात चालवलीस मला काय माहीत?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि आज आई गाडीत होती, हे कुठे बोलायचं नाही. मी दौऱ्यावर आहे. माझीही नोकरी आहे ना?"

हे "हो साहेब" म्हणाले आणि जीपकडे गेले. पुसलेलीच काच पुन्हा पुसत बसले. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी भांड्यांपाशी जाऊन बसले तर शेजारी अक्का.

"शेवंता, तुना घरवाला जेवना का?"

"नाही अक्का."

मी सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं. "माले सांगू नको. मी बठ्ठं आयकेल शे."

मी बघतच राहिले. साहेब तर सगळ्यांना सांगायचे, आईला ऐकू कमी येतं, आणि आम्हीही अक्कांशी ओरडूनच बोलायचो. अक्का ताट घासत म्हणाल्या, "धाकला व्हता तवय गूळ चोरीसन खाये, आन् नीजानं सोंग ले. तवय माले हासू ये." आता मात्र हसल्या नाहीत.

संध्याकाळी परत निघालो. धुळ्यात उतरताना अक्कांनी फक्त एवढंच विचारलं, "भिकन, सोमवारले तू जाशी ना?" साहेब म्हणाले, "बघू गं." अक्का त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

ते मधले दिवस कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. हे खोलीत येरझारा घालायचे. मध्येच थांबून विचारायचे, "शेवंता, जिनिंगवाला मला परत घेईल का गं?" मी वरून म्हणायची, काही होत नाही, उगाच जीव जाळू नका. आणि पाणी भरायला गेले की नळाखाली कळशी भरून वाहायची तरी मला कळायचं नाही. अशा माणसाला केस! कोंबडीला ब्रेक दाबणाऱ्याला! देवानं न्याय वाटला तेव्हा काय तो पण मान मागे टाकून पडला होता?

सोमवारी सकाळी हे धुतलेला सदरा घालून निघाले, मी मागोमाग. दार उघडलं तर समोर अक्का. साहेबांच्या बंगल्यापासून देवपुरापर्यंत उन्हात पायी आलेल्या, हातात काठी.

"चाल रे रुपचंद, ठाणामा जाऊत."

"अक्का, तुम्ही कशाला? साहेबांना कळलं तर..."

"कळू दे. माले माहेरले जावानं व्हतं, तुले नही."

ठाण्यात पोचलो आणि पाठोपाठ साहेबांची स्कूटर. आई घरात नाही हे कळल्यावर घामाघूम होऊन धावत आले होते. फौजदारानं खुर्ची दिली. साहेब बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "हे बघा, माझी आई म्हातारी आहे, तिला ऐकू कमी येतं, ती काही बोलेल. माझं म्हणणं एवढंच, मी दमलो होतो, मला झोप लागली होती. ड्रायव्हरनं..."

ह्यांनी मान खाली घातली. मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, म्हटलं.

"साहेब," अक्का बोलल्या. फौजदाराकडे बघून, लेकाकडे नाही. "मन्हा पोऱ्या जागाच व्हता. गाडी पळव, आसं त्यानीच सांगं. ह्या गरिबनी नही. शिक्षा देवानी तर माले द्या, मन्हा माहेरकरता पळाडी."

बोलताना अक्कांचा आवाज कापला नाही, पण काठी त्यांनी दोन्ही मुठींत घट्ट आवळून धरली होती. पोटच्या पोराला परक्यांच्या समोर खोटं पाडायचं म्हणजे काय असतं, ते मी त्या मुठींत बघितलं. साहेब खुर्चीवरून उठले. वाटलं ओरडतील. पण ते आईपुढे उभे राहिले, शाळेत मार खाणाऱ्या पोरासारखे, आणि म्हणाले, "हो. मीच म्हणालो होतो."

फौजदारानं ह्यांना लायसन परत दिलं. "काटा दुरुस्त करून घे आणि जीप मला आणून दाखव. आणि पुढच्या वेळी साहेब काहीही म्हणोत, पाय तुझा आहे." मग साहेबांकडे वळून म्हणाला, "सरकारी गाडीत कुणाला बसवायचं ते तुमचं खातं बघेल, ते माझं काम नाही."

बाहेर आल्यावर हे अक्कांच्या पाया पडायला वाकले आणि तिथेच हुंदके देऊन रडायला लागले. रस्त्यावर, चहाच्या गाडीसमोर! मी लाजले नाही. मी पण रडत होते.

पण भीती कुठे संपली होती? केस टळली, आता साहेब स्वतःच यादीतून नाव उडवतील, ही नवी धास्ती. मी तसं अक्कांना बोलून दाखवलं. अक्का म्हणाल्या, "हुकूम निघस तवलोंग मी गावले जात नही." आणि खरंच गेल्या नाहीत. शेतीची कामं आली, गावाहून निरोपावर निरोप आले, पण बाई लेकाच्या घरात ठाण मांडून बसली. रोज जेवायला वाढताना एकच प्रश्न, "भिकन, रुपचंदनं काय व्हयनं?" आखाजी गेली, पोळा गेला, आणि गौरी बसायच्या आधी ह्यांचा कायमचा हुकूम निघाला. दुसऱ्याच दिवशी अक्का शिंदखेड्याच्या एसटीत बसल्या. मी डब्यात शिरा बांधून दिला.

साहेब ह्यांच्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलायचे. पण "पळव" हा शब्द त्यांनी बदली होईपर्यंत पुन्हा काढला नाही.

अक्का पुढे थंडीत गेल्या. सरणाला साहेबांच्या बरोबरीनं ह्यांनीही लाकूड लावलं, साहेबांनीच हाताला धरून पुढे बोलावलं. आता आखाजीला हे निखाऱ्यावर घास टाकतात, आजोबांच्या नावानं, आजीच्या नावानं, वडिलांच्या नावानं. आणि शेवटचा घास हातात घेऊन, एरवी ज्या माणसाचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही, तो माणूस अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणतो, "हा मन्ही अक्काना."